दातांचे रक्षण आणि फ्लोराईडचा विवेक

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित आरोग्य व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी व्याख्यानासाठी माझा विषय विचारला, तेव्हा मी ‘दात आणि फ्लोराईड’ असे उत्तर दिले. ते क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. त्यांचे आश्चर्य रास्त होते. मी बी.कॉम. झालेला कापडाचा व्यापारी. चाळीस वर्षे कापडाचे तागे आणि रोजमेळाची पाने उलटण्यात गेली. दंतवैद्यकाशी माझा संबंध आला तो केवळ रुग्ण म्हणून. तरीही हा विषय मी मागून घेतला, कारण या एका मूलद्रव्याबाबत माझ्या हातून दोन चुका घडल्या आहेत. पहिली अज्ञानातून घडली, दुसरी भीतीतून. पहिलीची किंमत एका गावातील मुलांनी मोजली, दुसरीची माझ्या स्वतःच्या नातवाने. पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा घेताना आपण सत्कार्यांची नोंद अभिमानाने करतो. त्याच वहीत चुकांचीही नोंद असावी, अन्यथा ताळेबंद जुळत नाही, असे वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला वाटते.

वडिलांच्या नावाची विंधन विहीर

1972 च्या दुष्काळात मी शाळकरी मुलगा होतो. आमच्या मूळ गावी आडाच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. माझे वडील नेहमी म्हणत, की अन्नदान मोठे खरे, पण आपल्या मुलखात पाण्याएवढे मोठे दान नाही. त्यांच्या निधनानंतर 1992 साली मी त्या गावी त्यांच्या स्मरणार्थ विंधन विहीर घेतली, तिच्यावर हातपंप बसविला आणि संगमरवरी पाटी लावली. पाणी विपुल लागले. दिसायला काचेसारखे स्वच्छ, चवीला गोड. गावाने सत्कार केला, समाजाने अनुमोदना केली, आणि मी पुण्य जमा झाले असे समजून निश्चिंत झालो.

पुढे 2014 च्या लग्नसराईत त्याच गावचे एक कुटुंब माझ्या दुकानी लग्नाचा बस्ता बांधायला आले. शालू पसंत करताना मुलीच्या मावशीने काहीतरी विनोद केला. सगळे हसले. ती नवरी मुलगीही हसली, पण हसण्याआधी तिने पदर तोंडावर घेतला. मला वाटले, लाजली असेल. पुन्हा हसली, पुन्हा पदर. नंतर बोलताना माझे लक्ष गेले. तिच्या समोरच्या दातांवर आडवे तपकिरी पट्टे होते आणि कडा खडबडीत झालेल्या होत्या. मी तिच्या आजोबांना बाजूला घेऊन विचारले. ते म्हणाले, “शेठजी, राग येऊ देऊ नका. पाणी गोड हाय, दिसायला काचंवानी हाय. पर त्या पाण्यावर वाढलेल्या समद्या पोरांचे दात असेच हायत.”

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्याच आठवड्यात त्या हातपंपाचे पाणी बाटलीत भरून जिल्हा पाणी तपासणी प्रयोगशाळेत दिले. अहवालात फ्लोराईडचे प्रमाण मर्यादेपेक्षा बरेच अधिक निघाले. बावीस वर्षांत ती एक चाचणी करून घ्यावी, असे मला एकदाही सुचले नव्हते. पुढे नियमाप्रमाणे पंपाला लाल रंग देण्यात आला. लाल रंगाचा अर्थ, हे पाणी पिऊ नये. वडिलांच्या नावाची पाटी आणि तिच्या शेजारी तो लाल पंप मी पाहिला. पाटी मी स्वतः काढून आणली. ती आजही माझ्या गोदामात आहे. गावातील जुन्या आडाचे पाणी तपासून घेतले, ते मर्यादेत निघाले. त्याचा गाळ काढून, कठडा बांधून तो पिण्यासाठी सुरू केला. पण जे दात एकदा डागाळले, ते गाळ काढून उजळत नाहीत.

आपल्या जिल्ह्याचे पाणी

हा प्रश्न एका गावापुरता नाही. बीड जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराईड मर्यादेबाहेर आढळलेले आहे. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतही हा त्रास परिचित आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एका लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड असावे, आणि दुसरा स्रोतच उपलब्ध नसेल तर जास्तीत जास्त 1.5 मिलिग्रॅम चालेल. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही 1.5 मिलिग्रॅमच आहे. हे माप किती सूक्ष्म आहे, ते व्यापारी हिशेबाने सांगतो. एक लाख लिटर पाण्यात शंभर ग्रॅम फ्लोराईड असेल, तर ते लिटरला 1 मिलिग्रॅम होते. डोळ्यांना, जिभेला, नाकाला त्याचा पत्ता लागत नाही. माझी फसगत येथेच झाली. गोड पाणी म्हणजे चांगले पाणी, असे मी गृहीत धरले.

फ्लोराईड पाण्यात येते ते जमिनीतील खडकांतून. आपला जिल्हा बालाघाटच्या रांगांचा आणि काळ्या पाषाणाचा. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून खाली उतरते आणि जितका दीर्घकाळ तेथे राहते, तितके खडकातील क्षार त्यात विरघळत जातात. ज्या पाण्यात कॅल्शियम कमी आणि सोडियम अधिक असते, त्यात फ्लोराईड विरघळून राहण्याची शक्यता वाढते. आपल्या पूर्वजांचे आड, बारव हे पावसाने भरणारे उथळ स्रोत होते. आपल्या बीड शहराजवळची खजाना बावडी सोळाव्या शतकातली. तीही वरच्या थरातील पाण्यावर चालते. विंधन विहिरींचे यंत्र आले आणि आपण दोनशे, चारशे, सहाशे फुटांपर्यंत खाली गेलो. 2012-13 आणि 2015-16 च्या दुष्काळांत तर आणखीच खाली गेलो. खोलवरचे हे पाणी पुष्कळदा जुने असते. प्रत्येक खोल बोअर सदोष असते असे नव्हे. शेजारी शेजारी असलेल्या दोन बोअरच्या पाण्यातही फरक पडतो. म्हणूनच तर्काने चालत नाही, चाचणीच करावी लागते.

अशा पाण्याने दातांवर डाग का पडतात? हिरड्यांच्या आत दाताचे कवच घडत असते, त्या वयात जादा फ्लोराईड पोटात गेले तर कवचाची घडण बिघडते. समोरच्या कायमच्या दातांबाबत हा काळ जन्मापासून साधारण आठव्या वर्षापर्यंतचा. त्यानंतर डाग नव्याने पडत नाहीत, आणि पडलेले घासून जात नाहीत. कापडाला सूत रंगवतानाच डाग पडला, तर विणल्यावर तो धुऊन निघत नाही, तसेच हे. प्रमाण फार जास्त असेल आणि असे पाणी वर्षानुवर्षे प्यायले, तर सांधे आखडतात, पाठीचा कणा ताठरतो, हाडे वाकतात. आपल्या देशात या विकाराची पहिली वैद्यकीय नोंद 1937 साली, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून झाली.

डागांतून लागलेला शोध

बंधू-भगिनींनो, येथपर्यंत ऐकून आपल्याला वाटेल, की फ्लोराईड हे सरळ विषच. माझेही तसेच मत झाले होते. परंतु या डागांच्या अभ्यासातूनच एक विलक्षण गोष्ट जगाला कळली.

1901 साली फ्रेडरिक मॅके नावाचे एक तरुण दंतवैद्य अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी व्यवसायासाठी गेले. तेथील अनेक रहिवाशांच्या दातांवर तपकिरी डाग होते. मॅके यांनी कित्येक वर्षे या डागांचा पाठपुरावा केला. त्यांना कारण सापडेना, पण एक निरीक्षण मात्र हाती आले, की हे डागाळलेले दात किडत फार कमी. अखेर 1931 साली चर्चिल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने पाण्याचे बारकाईने पृथक्करण केले, तेव्हा फ्लोराईड सापडले. पुढे ट्रेंडली डीन यांनी निरनिराळ्या गावांचे पाणी आणि मुलांचे दात यांची पडताळणी केली. लिटरला 1 मिलिग्रॅमच्या आसपास फ्लोराईड असलेल्या पाण्यावर वाढलेल्या मुलांत दात किडण्याचे प्रमाण कमी आढळले आणि डागही फारसे दिसले नाहीत. त्याआधारे जानेवारी 1945 मध्ये ग्रँड रॅपिड्स या शहराच्या पाण्यात जगात प्रथमच मोजून फ्लोराईड मिसळण्यात आले.

आपल्या देशात पाण्यात फ्लोराईड मिसळण्याची प्रथा नाही, आणि आपल्या भागात ती असूही नये, कारण निसर्गाने काही ठिकाणी ते आधीच अतोनात मिसळून ठेवले आहे. पुढील संशोधनातून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. फ्लोराईडचा दातांना होणारा लाभ मुख्यतः ते पोटात जाण्याने होत नाही. दाताच्या पृष्ठभागाला त्याचा स्पर्श झाल्याने होतो. माझ्या आजच्या भाषणाचे सार या एका वाक्यात आहे : फ्लोराईड पोटात नको, दातावर हवे, आणि तेही मोजून हवे.

माझी दुसरी चूक

हे सार मला उशिरा कळले. लाल पंपाच्या प्रसंगानंतर मी इतका धास्तावलो, की घरात फरमानच काढले. फ्लोराईडची पेस्ट उंबऱ्याच्या आत येता कामा नये. सूनबाई सुशिक्षित आहे, तिने एकदा दबक्या आवाजात विचारलेही, “बाबा, डॉक्टरांना विचारून घ्यायचे का?” मी ऐकले नाही. शहरातील आमच्या घरी पाणी शुद्धीकरण यंत्राचे. नातवाला दात आले तेव्हापासून फ्लोराईडविरहित दंतमंजन. आणि आजोबांचा लाडका म्हणून दुकानातून परतताना रोज खिशात बिस्किटाचा पुडा किंवा गोळी.

पाचव्या वर्षी तो दाढदुखीने रात्रभर रडला. तपासणीत चार दाढा किडलेल्या निघाल्या. डॉक्टरांनी मला तीन प्रश्न विचारले. पाणी कोणते? पेस्ट कोणती? गोड किती वेळा? उत्तरे ऐकून ते शांतपणे म्हणाले, “आजोबा, एका गावाचा हिशेब तुम्ही दुसऱ्या घराला लावलात.” यंत्राच्या शुद्ध पाण्यात फ्लोराईड जवळजवळ उरत नाही, पेस्टमध्येही नाही, आणि साखर मात्र दिवसभर. त्या मुलाच्या दातांना संरक्षण कोठूनच नव्हते.

अशी मुले थोडी नाहीत. भारतीय दंत परिषदेने 2002-03 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षे वयाच्या 51.9 टक्के, बारा वर्षे वयाच्या 53.8 टक्के आणि पंधरा वर्षे वयाच्या 63.1 टक्के मुलांत दंतक्षय आढळला होता. म्हणजे वर्गातील निम्म्याहून अधिक मुले.

दाताचे जमा-नावे

दात किडतो म्हणजे त्यात एखादा किडा शिरतो, असा समज आपल्याकडे फार जुना आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. तोंडातील जंतू आपण खाल्लेल्या साखरेवर जगतात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दाताच्या कवचातील कॅल्शियम व फॉस्फेट झिरपून बाहेर जाते. ही झाली नावेची नोंद. काही वेळाने लाळ ते आम्ल शमविते आणि गेलेले क्षार परत आणून भरते. ही जमेची नोंद. दिवसभर हा व्यवहार चालू असतो. दर तासाला तोंडात काहीतरी गोड टाकले, की नावेच्या नोंदी वाढत जातात, लाळेला जमा करायला सवड मिळत नाही, आणि शेवटी दिवाळे निघते. ते दिवाळे म्हणजे दातातील खड्डा. येथे किती गोड खाल्ले, यापेक्षा कितीदा खाल्ले, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

फ्लोराईड येथे काय करते? लाळेत ते अल्प प्रमाणात असेल, तर गेलेले क्षार लवकर परत बसतात, आणि नव्याने बसलेला थर आम्लाला पूर्वीपेक्षा अधिक दाद देईनासा होतो. कापडाचा रंग पक्का करावा तसे ते कवच पक्के होते. किडीची सुरुवात दातावर खडूसारख्या पांढऱ्या ठिपक्याने होते. त्या अवस्थेत फ्लोराईडने दुरुस्ती होऊ शकते. एकदा खड्डा पडला, की तो फ्लोराईडने भरून निघत नाही. तेथे डॉक्टरांचेच काम.

उपाय कोणकोणते

पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे फ्लोराईडयुक्त पेस्ट. आपल्या देशातील नियमानुसार पेस्टमध्ये 1000 पीपीएमपेक्षा अधिक फ्लोराईड ठेवता येत नाही आणि प्रमाण नळीवर छापणे बंधनकारक आहे. आपण खाद्यपदार्थाच्या पुड्यावर हिरवे चिन्ह शोधतो, तशीच ही ओळही वाचावी. 1000 पीपीएम म्हणजे एका ग्रॅममध्ये 1 मिलिग्रॅम. तीन वर्षांखालील बालकाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरे; तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पेस्टची लाट दाखवितात, ती मुलांसाठी नव्हे.

आता हिशेब पाहा. वाटाण्याएवढी पेस्ट साधारण पाव ग्रॅम भरते. ती मुलाने सगळी गिळली, तरी पाव मिलिग्रॅम फ्लोराईड पोटात जाईल. उलट लिटरला 3 मिलिग्रॅम फ्लोराईड असलेल्या बोअरचे एक लिटर पाणी प्यायले, तर एका दिवसात 3 मिलिग्रॅम, म्हणजे बारापट. मी बारापटीचा दोष पावपटीवर ठेवून मोकळा झालो होतो. तरीही पेस्ट गिळू द्यायची नाही, थुंकायला शिकवायचे, आणि लहान मुलांचे दात मोठ्यांनी समोर उभे राहून घासून घ्यायचे. थुंकल्यावर तांब्याभर पाण्याने खळखळून चूळ भरण्याची आपली सवय सोडावी. दातावर राहिलेला अंशच रात्रभर काम करतो.

दुसरा उपाय फ्लोराईड वार्निशचा. दंतवैद्य हा दाट, चिकट लेप छोट्या कुंचल्याने दातांना लावतात. लाळ लागताच तो दाताला धरून बसतो. काम काही मिनिटांचे, दुखणे नाही, सुई नाही. सर्वसाधारणपणे सहा महिन्यांनी, आणि किडीचा धोका अधिक असेल तर तीन महिन्यांनी तो पुन्हा लावतात. त्यात फ्लोराईड तीव्र असले, तरी मात्रा अगदी थोडी वापरली जाते. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात वार्निशमुळे कायमच्या दातांतील कीड सरासरी 43 टक्क्यांनी आणि दुधाच्या दातांतील 37 टक्क्यांनी कमी झाल्याचे नमूद आहे. सहा वर्षांवरील मुलांना वार्निशऐवजी साच्यात भरलेले जेलही काही ठिकाणी देतात.

तिसरा उपाय माझ्या नातवावर झाला. सिल्व्हर डायमाईन फ्लोराईड हे चांदीयुक्त द्रावण किडलेल्या जागी लावले, की कीड पुढे सरकणे थांबते. दात कोरावा लागत नाही, म्हणून लहान, घाबरणाऱ्या मुलांना आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना ते सोयीचे. एक उणीव आहे : किडलेला भाग कायमचा काळा पडतो. जपानमध्ये ते 1970 च्या दशकापासून वापरात आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली फ्लोराईड पेस्टसह त्याचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. नातवाच्या दोन दाढांवर हे काळे डाग आहेत. त्या दुधाच्या दाढा आहेत, पडतील. मात्र तो हसला की मला ते दिसतात, आणि त्या नवरीचा पदर आठवतो.

येथे पालकांसाठी एक सूचना. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून आपण तिला दुधाचीच समजतो आणि किडली तरी ‘पडेलच की’ म्हणतो. ती कायमची दाढ असते, पुन्हा येत नाही. ती उगवताच डॉक्टरांना दाखवून तिच्या खाचा भरून घेता येतात.

ज्या गावी पाण्यात फ्लोराईड अधिक आहे, तेथील लहान मुलांना पेस्ट कोणती व किती द्यावी, हे पाण्याचा अहवाल दाखवून दंतवैद्यांकडूनच ठरवून घ्यावे. आणि डागाळलेला दात किडणारच नाही, अशा भ्रमातही राहू नये. फार बिघडलेले, खड्डे पडलेले कवच उलट लवकर किडते.

आपल्या घरातील आचार आणि दात

आता आपल्या समाजापुरते दोन शब्द. आपण पाणी गाळून पितो. दुहेरी फडक्याने गाळण्याचा हा आचार अहिंसेचा आहे आणि आरोग्याचाही आहे. दरवर्षी चातुर्मासापूर्वी गाळण्याचे कापड माझ्या दुकानातून मोठ्या संख्येने जाते, त्याचा मला आनंद आहे. परंतु कापडवाला म्हणूनच सांगतो, की फ्लोराईड कापडात अडकत नाही. ते पाण्यात गाळासारखे तरंगत नाही, विरघळलेले असते. आपण पाणी उकळून पितो. उकळण्याने जंतूंचा प्रश्न सुटतो, फ्लोराईडचा नाही. पाण्याची वाफ होते, फ्लोराईड भांड्यातच राहते, म्हणजे प्रमाण किंचित वाढते. राखेच्या धोवन पाण्यातूनही ते निघून जाते असे समजू नये. आचार पाळावाच, परंतु ज्या दोषासाठी तो सांगितलेला नाही, त्याची जबाबदारी त्याच्यावर टाकू नये.

फ्लोराईड काढण्याच्या रीती वेगळ्या आहेत. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने 1970 च्या दशकात नालगोंडा पद्धत विकसित केली. तिच्यात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर मोजून घालतात, ढवळतात, गाळ बसू देतात आणि वरचे पाणी घेतात. रंगारी ज्या तुरटीने रंग पक्का करतात, तीच तुरटी येथे फ्लोराईडला खाली ओढून नेते. सक्रिय ॲल्युमिना या पदार्थाच्या गाळण्या असतात. शुद्धीकरण यंत्रानेही फ्लोराईड निघते. काही देशांत जनावरांच्या हाडांचा कोळसा यासाठी वापरतात. आपल्याला तो चालणार नाही, म्हणून गाळणी घेताना आत काय आहे, हे विचारून घ्यावे. आणि सर्वांत निर्दोष म्हणजे छतावर पडणारे पावसाचे पाणी. त्यात फ्लोराईड जवळपास नसतेच.

आपल्या काही व्रतांचा दातांना मोठा लाभ आहे. सूर्यास्तानंतर काही न खाणारा चौविहारी माणूस दातांना रात्रभर विश्रांती देतो. फक्त एक जोड द्यावी. संध्याकाळच्या भोजनानंतर, पच्चक्खाण घेण्यापूर्वी, दात घासावेत. त्यानंतर तोंडात काही जाणार नसल्यामुळे पेस्टचा लाभ सकाळपर्यंत टिकतो. उलट प्रभावनेच्या निमित्ताने आपण मुलांच्या हाती जे पेढे, बत्तासे, चॉकलेट ठेवतो, त्याचा विचार व्हावा. पर्युषणात आठ दिवस रोज चार ठिकाणची प्रभावना खिशात आणि दिवसभर तोंडात! प्रभावना अवश्य द्यावी. वही, पेन्सिल, सुका मेवा, किंवा एखाद्या दिवशी ब्रश आणि पेस्टही द्यावी.

ट्रस्टपुढे चार विनंत्या

सुवर्णमहोत्सवी निधीचा विनियोग ठरताना विश्वस्त मंडळाने चार गोष्टींचा विचार करावा, ही माझी नम्र विनंती आहे.

एक, आपल्या वसतिगृहाच्या आणि धर्मशाळेच्या पाण्याची पावसाळ्याआधी व पावसाळ्यानंतर प्रयोगशाळेत चाचणी व्हावी आणि अहवाल सूचनाफलकावर लागावा.

दोन, पाठशाळेच्या सर्व मुलांची वर्षातून दोनदा दंततपासणी व्हावी आणि आवश्यक त्यांना वार्निश लावून घ्यावे. बीड शहरात दंत महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. निमंत्रण गेले तर मदत मिळेल, असा मला विश्वास आहे.

तीन, मुलांसाठीच्या प्रभावनेतून चिकट गोड पदार्थ वगळावेत.

चार, आणि ही माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. आपल्या ट्रस्टतर्फे किंवा ट्रस्टच्या सभासदातर्फे कोणत्याही गावी विंधन विहीर वा पाणपोई दिली जाईल, तेव्हा आधी पाण्याचा अहवाल यावा आणि मगच दात्याच्या नावाची पाटी लागावी. पाटी लावल्यावरही दरवर्षी चाचणी व्हावी, कारण पाण्याची पातळी खाली जाते तसा त्याचा गुणही बदलू शकतो. आज जलजीवन मिशनमुळे पुष्कळ गावांतील महिलांना पाणी तपासण्याचे संच आणि प्रशिक्षण मिळाले आहे. विचारणारा हवा.

या चौथ्या कामासाठी येणारा चाचण्यांचा खर्च माझ्या वडिलांच्या नावे मी उचलीन. त्यासाठी पाटी नको. अहवालांची एक वही ठेवावी, तीच त्यांची पाटी.

त्या नवरीचा संसार आता दुसऱ्या गावी सुखाचा चालला आहे. गेल्या दिवाळीला ती मुलीला घेऊन कपडे घ्यायला आली होती. मुलगी सात-आठ वर्षांची. झबल्याचा रंग आवडला म्हणून ती खळखळून हसली. दात मोत्यासारखे स्वच्छ. मी विचारले, “पाणी कोणते पिता?” आई म्हणाली, “नळाचं, काका. तपासून घेतलंय.” आणि या वेळी ती स्वतः हसली तेव्हा तिने पदर वर नेला नाही. कदाचित विसरली असेल. मला मात्र बरे वाटले.

माझ्या अज्ञानामुळे आणि माझ्या भीतीमुळे ज्या ज्या जीवांना क्लेश झाले, त्या सर्वांना या व्यासपीठावरून अंतःकरणपूर्वक मिच्छामि दुक्कडम्. 

जय जिनेंद्र!